खानसाम्याची कढई

मी जन्माची संशयी. दूधवाल्याच्या दुधात पाणी, शेजारणीच्या हसण्यात टोमणा, हे मला आधी दिसतं. बहुतेक वेळा ते नसतंच, पण तोवर मी बोलून मोकळी झालेली असते.

विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. माझे यजमान पांढरकवड्याला सडकेच्या कामावर ओव्हरसियर होते. आमचं क्वार्टर रेस्टहाऊसच्या मागेच. तिथला खानसामा म्हातारा, हैद्राबादकडचा, एकटा. साहेब लोक उतरले की तो मरळ माशाचे बिनकाट्याचे तुकडे मैद्याच्या पिठात बुडवून तळायचा. सोबत बोटाएवढे चिरून तळलेले बटाटे, आणि चिंच, गूळ, मोहरी, सिरका उकळून केलेला आंबट सॉस. उरलंसुरलं यजमानांच्या वाट्याला यायचं. माझ्या हातची मासोळी मुकाट्याने खाणारा माणूस तिथून बोटं चाटत यायचा. मला ते सोसेना.

एकदा मी त्याच्या स्वयंपाकखोलीत डोकावले. फळीवर नावाची चिठ्ठी नसलेला डबा, आत पांढरं, घट्ट काहीतरी. झालं! हा गोऱ्या साहेबांच्या हाताखाली शिकलेला माणूस, आणि ते कसल्या कसल्या चरबीत तळतात हे मी माहेरी ऐकलं होतं.

“ते कायचं तूप हाये, इचारलं का तुमी?” मी यजमानांना म्हटलं.

“तू कायले शंका घेऊन राह्यली? मानूस भला हाये.”

भला म्हटलं की माझा संशय दुप्पट होतो.

मग मोठे साहेब तपासणीला येणार असं ठरलं. रेस्टहाऊसला खानसामा ठेवायचा की नुसता चौकीदार, हे ते याच मुक्कामात ठरवणार होते. “म्हाताऱ्याची नोकरी त्या एका जेवणावर हाये,” यजमान म्हणाले. हे मी ऐकलं होतं. तरीही त्या सकाळी तो भोयाकडे मासे आणायला गेल्यावर मी तो डबा उचलला आणि आमच्या उकिरड्यावर पालथा केला. नवऱ्याचा धर्म वाचवला, असं मला अगदी मनापासून वाटलं.

दुपारी तो दारात आला. “बाई, तुपाचा डबा सापडत नाही. साहेबाची गाडी आली बी, बाजारात जायले टाइम नाही. थोडं तेल द्याल का?”

मी घाण्यावरच्या जवसाच्या तेलाची भरली बाटली दिली. त्याने वास घेतला. “भुईमुंगाच्या फल्लीचं नाही का? याच्यात मच्छी बिघडन.”

“आमच्या घरी हेच खातेत सारे. काहून, चालत नाही का तुमाले?”

त्याने हात जोडले आणि बाटली घेऊन गेला.

आम्ही ते तेल चटणीवर कच्चं घ्यायचो, फार तर फोडणीला. भरल्या कढईत भडक आचेवर ते काय करतं, हे मला कुठे ठाऊक? मागच्या व्हरांड्यातून मी पाहत होते. तेलाला फेस चढला, धूर झाला, दारांना द्यायच्या रंगासारखा वास सुटला. मासा वरून काळा नि आत कच्चा. बटाटेही कडू झाले.

साहेबांनी एक घास घेऊन ताट सरकवलं. “कशात तळलंय हे?”

मी जेवणखोलीच्या दाराआडून ऐकत होते. म्हाताऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. “माफी, साब. तेल मैंने ही गलत डाला.”

पंधरवड्यात त्याला काढल्याचा हुकूम आला. जायच्या दिवशी तो घासलेली बाटली परत द्यायला आला. दुसऱ्या हातात कढई होती.

“हे ठेवा, बाई. ओव्हरसियर साहेब खाते म्हणून याच्यात मी मच्छी-आलूशिवाय काही तळलं नाही. तूप बी बाजारातलं वनस्पती व्हतं, तुमी दिवाळीले आणता तेच.” मग जरा थांबून म्हणाला, “डबा मी त्याच दिवशी पाह्यलता, तुमच्या उकिरड्यावर.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं. लाजेने मान वर होईना.

यजमान घरातच होते. मोठ्या साहेबांना एक अर्ज लिहायला त्यांना घटकाही लागली नसती. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी कढई घेतली आणि आत गेले.