पूजेतली कात्री
सांब्राणीच्या धुपाचा वास आला की मला आमच्या विजयनगरच्या घरातली आयुधपूजेची ती सकाळ आठवते. शिंपीकाम करणाऱ्या माझ्या वडिलांनी, अप्पांनी, आपलं शिलाई मशीन, कात्र्या, माझे पाने-पकडी, सगळं देवापुढे मांडून हळदकुंकू वाहिलं होतं. आज हत्यार उचलायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. धुराने माझ्या चार वर्षांच्या मुलीला दम लागला, आणि तिच्या दम्याच्या पंपातलं औषध संपलेलं निघालं. सणामुळे जवळची दुकानं बंद होती. मी बाहेर धावलो, पण सकाळीच धुऊन हार घातलेली माझी जुनी मोटरसायकल बटण दाबलं तरी हूं की चूं करेना. किक तर कधीच मोडलेली. धुताना स्टार्टरची कुजकी वायर तुटली होती. ती मी दातांनीच सोलू लागलो, आणि आतून मुलीची घरघर ऐकू येत होती. तेवढ्यात अप्पा पूजेतली मोठी कात्री घेऊन आले. तिने साधा कागदही कापू न देणारे अप्पा. "धर, सोल वायर! लवकर, बेगा, बेगा!" जोड बसला, गाडी धडधडली, औषध वेळेत आलं. अप्पांचं शिंपीकाम आता मी चालवतो आणि त्याच कात्रीने कापड बेततो. वायरीने पडलेल्या खाचेत ते रोज अडतं, पण धार लावणाऱ्याला मी ती खाच घासू देत नाही.