न फोडलेलं गाडगं

औंढ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून धोंडाबाईचं घर. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, पोटी मूल नाही. मी तेव्हा नवी सून. भिंतीपलीकडून बोलणं ऐकू यायचं, तर मला वाटे कोणी पाहुणा आलाय. पाहुणा कसला, बाई गाडग्याशी बोलायची.

ते काळं गाडगं तिच्या नवऱ्याला नांगरताना सापडलेलं. तोंड चुन्यानं बंद, हलवलं की आत खुळखुळ. जमिनीतून आपण होऊन वर आलं म्हणजे देवच, म्हणून तिनं ते देव्हाऱ्यात बसवलं. दर सोमवारी हळद लावायची.

आत मोहरा आहेत असा गावभर बोभाटा. म्हणून पुतण्या महिपती रोज सांजेला यायचा. कधी सरपण आणी, कधी वालाच्या शेंगा. देव्हाऱ्याकडे बघत बघत जेवायचा.

"काकी, एक टोला घालू का, हळूच?"

"तुज्या टाळक्यात घालीन आदी. देवाला कुनी फोडतंय व्हय?"

असं म्हणायची, पण त्याच्यासाठी दोन भाकरी जास्त थापायची.

एका दसऱ्याला हत्यारं पुजायला काढलेली, त्यातला हातोडा उचलून तो थेट देव्हाऱ्याशी गेला. धोंडाबाई गाडगं पदराखाली धरून आमच्या घरात पळत आली.

माझ्या सासऱ्यांनी लोणावळ्याच्या त्र्यंबक मास्तरांना बोलावलं. त्यांना जुन्या वस्तूंचं भारी वेड. मास्तरांनी भिंगातून बघितलं, टिचकी मारून कान लावला. चुन्याला नखसुद्धा लावलं नाही.

"मावशी, फोडायचं कशाला? हाड मोडलं की पुण्याच्या दवाखान्यात आतला फोटो काढतात. माझे ओळखीचे डॉक्टर आहेत, याचाही काढतील."

"हळद पुसावी लागंल?"

"असू द्या."

"त्याला दुखंल?"

"नाही हो."

"मंग चला."

आगगाडीत तिनं ते मांडीवरून हलवलं नाही. महिपतीही निघाला, नवं मुंडासं बांधून!

परत आल्यावर आमच्या ओटीवर मास्तरांनी तो फोटो उजेडाकडे धरला. बारक्या गोल सावल्या, मधे भोकं. "मणी आहेत. भाजलेल्या मातीचे असावेत. सोनं असतं तर पांढरंफटक दिसलं असतं. वस्तू मात्र फार जुनी, जपा."

"मातीचं?" महिपती म्हणाला. मुंडासं सोडून खांद्यावर टाकलं आणि ओटीवरून उतरला.

धोंडाबाई हसली. "माज्या गळ्यातलं गेलं, ह्याच्या पोटातलं ऱ्हायलं."

त्या सांजेला तिनं दोन भाकरी जास्त थापल्या. सकाळी त्या तशाच फडक्यात बांधून माझ्याकडे घेऊन आली. "खा गं. वाट बघून शिळ्या झाल्या."

महिपती पुन्हा आला नाही. सरपण ती स्वतःच डोंगरातून आणू लागली. गाडग्याला ओरखडासुद्धा नव्हता. दिवेलागणीला मी चूल फुंकत असले की भिंतीपलीकडून आधी खुळखुळ ऐकू यायची, मग तिचा आवाज, "बस, वाढते."