नसलेल्या किडनीकडं बघून हसले

मैत्रिणींनो, झोप लागेना म्हणून महिन्यापासून मी मोबाइलवर बघून ताओ ध्यान करते. चिनी पद्धत आहे. डोळे मिटून एकेका अवयवाकडं मायेनं बघायचं आणि मनात हसायचं.

डाव्या किडनीची जागा मात्र मी रोज टाळायचे. ती किडनी मी थोरल्या भावाला, दादाला दिली होती. तरी दादा वाचला नाही.

आज सकाळी मुरुम गावी, आईच्या घरी ओसरीवर बसले आणि त्या जागेपाशी थांबले. खरं सांगते, आधी रागच आला. मग रडू आलं. हसू लई उशिरा आलं.

शेजारी आई ज्वारी निवडत होती. "डोळं झाकून काय हसायलीस गं?"

"दादा आठवला."

आईनं सूप खाली ठेवलं. "मला बी शिकीव."

कुठून सुरुवात करायची ते मी सांगायच्या आधीच तिनं डोळे मिटून ओटीपोटावर हात ठेवला.

हे लिहितेय, तरी ती तशीच बसलीय.