सोमवारचा प्लग

सुधादा कांबळेनं रेसची मोटरसायकल स्वतःच्या स्वयंपाकघरात तयार केली आणि तिची एकही रेस बघितली नाही. कुणाला खोटं वाटेल, पण मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर हे दोन वर्षं चाललं होतं. रविवारी मी गाडी टेम्पोत घालून कधी नाशिकच्या बाजूला, कधी पुण्याच्या पुढं मातीच्या मैदानावर पळवायचो. सोमवारी सकाळी सातला इंजिनाचा स्पार्क प्लग रुमालात बांधून त्याच्या दारात हजर. तो ट्यूबलाइट बंद करायचा, खिडकी सताड उघडायचा आणि प्लगचं टोक उजेडात धरून बघत राहायचा. "रंग उजेडात बघायचा, नित्या. ट्यूबलाइट सगळ्यांनाच गोरं करते." मग मी चालवलेली रेस तोच मला सांगायचा. गाडी गुदमरली होती का, शेवटी तापली होती का, मोकळी पळाली का, सगळं त्या नखाएवढ्या टोकावर त्याला दिसायचं.

पोटापाण्याला तो घाटकोपरला दातांच्या लॅबमध्ये होता. लोकांच्या कवळ्या आणि खोटे दात बनवायचा. त्याचं खास काम रंगाचं. खऱ्या दातांच्या रांगेत बसवलेला खोटा दात आरशात बघणाऱ्यालासुद्धा ओळखू येऊ नये, इतका बेमालूम रंग तो लावायचा. डॉक्टर लोक चिठ्ठीवर लिहून पाठवायचे, 'रंगाचं कांबळेंकडेच द्या.' हे तो स्वतः कधी सांगायचा नाही. त्याची आई सांगायची, आणि सांगून झालं की आपले उरलेले चार दात दाखवून हसायची.

माझी त्याची ओळखही कवळीमुळंच झाली. माझ्या बाबांची खालची कवळी बेसिनमध्ये पडून चिरली, म्हणून मी ती डबीत घालून खाली नेली. बघतो तर ओट्यावर, पोळीच्या डब्याशेजारी, मोटरसायकलचा सिलिंडर! आणि हा पठ्ठ्या लॅबमधली खोटे दात तासायची बारीक मशीन घेऊन त्याच्या आतली भोकं घासतोय. टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात, सिलिंडरच्या भिंतीला भोकं असतात. पेट्रोल-हवा एका भोकातून आत, धूर दुसऱ्यातून बाहेर. त्या भोकांचा आकार सुधारला की तीच गाडी निराळी पळते. हे सगळं मला त्या दिवशी त्यानंच सांगितलं. दाताचं माप घ्यायचा तो गुलाबी लगदा असतो ना, तो भोकात भरून त्यानं त्याचाही साचा काढला होता.

"इतका वेळ लावतोस?" मी विचारलं.

"घासलेलं परत लावता येत नाही रे. दात असो नाहीतर हे. म्हणून दहा वेळा बघायचं, एकदा घासायचं."

"पण पळवणार कोण?"

त्यानं आतल्या खोलीकडं मानेनं दाखवलं. आई पडल्यापासून त्यांची कंबरेखालची हालचाल गेली होती. आठवडाभर सांभाळायला बाई यायच्या, रविवारी त्यांची सुट्टी. आणि रेस रविवारीच असते. बहीण होती, पण ती दहिसरला, स्वतःच्या संसारात अडकलेली. त्यानं लग्न केलं नव्हतं. "मी काय मैदान बघत नाही बाबा. तू पळवतोस का?" मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, कुरिअरच्या ऑफिसात चिकटलेला, अंगात नको तितकी रग. पळवतोस का काय विचारतो? मी कवळीचं विसरूनच गेलो. बाबा तीन दिवस पेज पीत बसले आणि मला शिव्या घालत बसले.

ते दिवस झकास होते, खोटं कशाला बोलू. इंजिनाचं कव्हर तव्यावर गरम करून तो त्यात बेअरिंग बसवायचा. आतून आईंचा आवाज यायचा, "सुध्या, आमटीला पेट्रोलचा वास येतोय!" हा म्हणायचा, "आई, त्यात तेल पण आहे, पौष्टिक आहे, खा." शनिवारी संध्याकाळी कंपाउंडमध्ये दोन मिनिटं गाडी चालू करायची परवानगी सेक्रेटरीनं दिली होती. त्या दोन मिनिटांत अख्ख्या बिल्डिंगच्या खिडक्या थरथरायच्या आणि सुधादा सायलेन्सरजवळ उकिडवा बसून डोळे मिटून ऐकायचा. पहिल्या वर्षी मी दोनदा तिसरा आलो. कप आईंच्या उशाशी ठेवला. त्यांनी त्यात त्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या ठेवायला सुरुवात केली.

सोमवारी प्लग बघण्याआधी तो एकच प्रश्न विचारायचा. "सरळ पट्ट्यावर फुल होता ना?" म्हणजे अॅक्सिलरेटर पूर्ण पिळला होतास ना. कारण त्याचा सगळा हिशोब त्यावर होता. पूर्ण पिळलेल्या गाडीचा प्लग चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा निघाला, तर सगळं ठीक. काळा निघाला, तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा निघाला, तर कमी, आणि ते वाईट, कारण पेट्रोल कमी पडलं की इंजिन तापून वितळतं. मग तो कार्बोरेटरमधला जेट बदलायचा. जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, मधोमध भोक, त्यातून पेट्रोल जातं. पण प्लग काळा निघायचं आणखी एक कारण असतं. चालवणाऱ्यानं गाडी पूर्ण पिळलेलीच नसते, आणि इंजिन तापतच नाही. म्हणून तो प्रश्न. दुसऱ्या कुणाला त्यानं आणखी चार प्रश्न विचारले असते. मला एकच विचारायचा, आणि मी हो म्हटलं की विषय संपला.

दुसऱ्या वर्षी एका रेसमध्ये माझ्या पुढचा पोरगा वळणावर पडला. मी त्याच्या बाजूनं गेलो तेव्हा त्याचा पाय बघितला. काय बघितलं ते लिहीत नाही. तो वाचला, पण माझं मनगट त्या दिवसापासून बिघडलं. सरळ पट्टा आला की अर्ध्याच्या पुढं वळायचंच नाही. मी स्वतःला घाणेरड्या शिव्या घालायचो, तरी नाही.

त्या सोमवारी प्लग काळा निघाला.

"फुल होता ना?"

"हो रे. फुल."

आतून आईंचं पंचशील ऐकू येत होतं, त्या रोज सकाळी पडल्या पडल्या म्हणायच्या. खोटं न बोलण्याचं शील चौथं. आई तिथपर्यंत पोचायच्या आत मी बोलून मोकळा झालो होतो.

एक शब्द होता हो! 'घाबरलो' म्हणायचं होतं. सुधादा काय मला फाशी देणार होता? चहा पाजला असता, म्हणाला असता, बरं झालं सांगितलंस. पण मला वाटलं हा गाडी दुसऱ्याला देईल. आणि खरं सांगायचं तर त्याच्या नजरेत मी शूर होतो, ते मला सोडवेना. त्यानं जेट एक नंबर लहान लावला. पुढच्या रेसला मी पुन्हा अर्ध्यावरच. प्लग पुन्हा काळा.

"फुल?"

"फुल."

आणखी लहान जेट. तिसऱ्या सोमवारी तो खिडकीशी बराच वेळ उभा राहिला. कपाटातून त्यानं दातांच्या रंगाची ती पट्टी काढली, वीस रंगांचे वीस दात लावलेली. दातांमागचे नंबर न बघता एकेक रंग बघायचा, नंबर पुटपुटायचा आणि मग पट्टी उलटवून ताडून बघायचा. "बरोबर येतायत," तो म्हणाला, "मग हाच काळा का दिसतोय मला?" मी समोर उभा. बशीतला चहा फुंकत होतो, हरामखोर. त्यानं तिसरा जेट लावला.

पुढच्या रेसला माझ्या ऑफिसातले चार जण बघायला आले होते. त्यांच्यासमोर अर्ध्यावर चालवायची लाज वाटली आणि मी दात-ओठ खाऊन पूर्ण पिळली. अर्धा मिनिट ती गाडी अशी पळाली की काय सांगू. सुधादानं काय बनवून ठेवलं होतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग पट्ट्याच्या शेवटी इंजिन जागच्या जागी आवळलं, मागचं चाक जाम झालं आणि मी हवेत. खांद्याचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या.

सोमवारी रजा टाकून सुधादा हॉस्पिटलात आला. टेम्पोवाल्यानं त्याच्या घरी गाडी टाकली होती, त्यानं पहाटेच इंजिन उघडलं होतं. रुमालातून पिस्टन काढून त्यानं माझ्यासमोर धरला. पिस्टनच्या डोक्याला आरपार भोक पडलं होतं.

"पेट्रोल कमी पडलं," तो म्हणाला. "मी कमी केलं. माझ्या हातानं तुला मारलंच होतं, नित्या."

माझी आई तिथंच होती. ती त्याला काय काय बोलली! धंदे म्हणाली, नाद म्हणाली, स्वतः घरात बसून दुसऱ्याच्या पोराला पुढं करता म्हणाली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. आणि मी? मी डोळे मिटून घेतले. गोळीनं झोप येतेय असं दाखवलं.

त्यानंतर त्यानं गाडी भंगारवाल्याला दिली. डोळे तपासून आला. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही. "डोळे चांगले आहेत रे," मला म्हणाला, "नजर गेली. डोळे आणि नजर वेगवेगळं असतं." लॅबच्या मालकाला त्यानं सांगितलं की मला रंगाच्या कामावरून काढा, कुणाच्या तोंडात चुकीचा दात जायला नको. मालकानं समजावलं, डॉक्टरांनी फोन केले, पण तो ऐकेना. मग साच्यांत प्लास्टर ओतायचं काम घेतलं, जे लॅबमध्ये नवीन आलेल्याला देतात. तेरा वर्षं ते केलं. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या.

मला कुठंही भेटला, भाजीच्या गाडीवर, जिन्यात, की पहिलं विचारायचा, "खांदा दुखतो का रे?" मी म्हणायचो नाही. तरी विचारायचाच.

सांगायचं मी शंभर वेळा ठरवलं. एकदा तर खरंच गेलो, माझ्या मुलीच्या बारशाचे पेढे घेऊन. चहा झाला. मी म्हटलं, "सुधादा, त्या वेळी ना..." त्यानं हात वर करून थांबवलं. "जाऊ दे ना ते. दुसरा असता तर त्यानं बिल्डिंगभर माझी अब्रू काढली असती. तू एका शब्दानं मला दोष दिला नाहीस. मी विसरत नाही ते." त्याचे डोळे भरले होते. मी पेढ्याचा बॉक्स तिथंच ठेवून घरी आलो आणि बायकोवर विनाकारण ओरडलो.

दोन वर्षांपूर्वी सुधादा गेला. लॅबमध्ये काम करता करता छातीत दुखलं, दुसऱ्या दिवशी संपलं. पंचावन्न हे काय जायचं वय असतं? आईंना बहीण दहिसरला घेऊन गेली. जाताना त्या स्ट्रेचरवर होत्या आणि मला म्हणाल्या, "ये हं भेटायला." मला जायला एक वर्ष लागलं.

गेलो तेव्हा बहीण आत कुकर लावत होती. आई पलंगावर, पूर्वीपेक्षा निम्म्या झालेल्या. मी त्यांचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. मनगट, प्लग, तीन सोमवार, हॉस्पिटलात झोपेचं सोंग. म्हटलं, "आई, त्याची नजर कधीच गेली नव्हती. तो बरोबर होता. मी खोटं बोललो." मी रडत होतो. मला वाटत होतं, आता या मला काहीतरी बोलतील. कानाखाली मारतील तर फार बरं होईल.

आई म्हणाल्या, "तो तिथं मैदानावर असता, तर त्याला कळलं असतं का रे?"

"लगेच. आवाजावरून कळलं असतं त्याला." बोलून गेलो आणि मग कळलं काय बोललो.

"म्हणजे माझ्यापायी झालं," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी बसायचा ना तो घरी."

"नाही हो आई! तुमचा काय संबंध? खोटं मी बोललो."

"तू पोर होतास, घाबरलास. मी आई होते ना त्याची. एका रविवारी तरी जा म्हणायचं होतं. शेजारची कुणी बसली असती माझ्यापाशी. मला बरं वाटायचं तो घरात असला की, म्हणून मी कधी म्हटलंच नाही."

मी दहा तऱ्हांनी समजावलं. त्या माझ्या हातावर थोपटत राहिल्या, मलाच समजावल्यासारख्या.

आठवड्यानं बहिणीचा फोन आला. "दादा, तुम्ही आईला काय सांगून गेलात? जेवत नाहीये. रात्रंदिवस एकच चाललंय तिचं, मी त्याला जा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही." खरं ज्याला सांगायचं होतं त्याला सांगितलं नाही, आणि जिला सांगायला नको होतं तिला सांगून बसलो. "बोला ना," ती म्हणाली, "काय सांगितलंत तिला?"