मागांच्या सुट्टीत बसवलेला कॅमेरा

नाटकात चेहरा कुणाचाही असो, तो दिसतो दिवेवाल्याच्या मर्जीनं. आमच्या मंडळीत ती मर्जी इमामसाबची होती. मिठाच्या पाण्याच्या पिंपात तारा खालीवर करून तो उजेड असा उतरवायचा, की मरणाच्या प्रवेशात मला वेगळं मरावं लागत नसे. मी नुसती पडून राहायचे. बाकीचं तो करायचा.

मंडळी मोडली आणि आम्ही पांगलो. मी सोलापुरातच राहिले, तोही राहिला. कुणी दारू जवळ केली, कुणी देव. इमामसाबनं पक्कड जवळ केली. आधी लग्नातली रोषणाई, मग केबलच्या वायरी, आणि गेली कैक वर्षं दुकानांतले कॅमेरे. त्याचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. दुपारचं जेवण झालं की मी त्याच्याकडे जाऊन बसते. पुढच्या खोलीत त्याचं दुकान, मागच्या खोलीत संसार, आणि मागच्या भिंतीला लागून महेश्वरी या शेजारणीचा टॉवेलचा कारखाना. मागांचा खडखडाट दिवसभर त्या घरातून जातो. नव्या माणसाला तिथं बोलताच येत नाही. आम्हा नाटकवाल्यांना आवाज चढवून बोलायची सवयच आहे.

हे कॅमेरे जुन्या पद्धतीचे. प्रत्येकाची जाड काळी वायर भिंतीवरून संगणकापर्यंत येते. संगणकात एक कार्ड असतं, त्याला चार तोंडं. चार वायरी चार तोंडांत बसवल्या की पडद्याचे चार चौकोन होतात आणि चार जागा एकदम दिसतात. आता मोबाइलवर दिसणारे नवे कॅमेरे आले, म्हणून दुकानदार जुने काढून इमामसाबलाच देऊन टाकतात. तो ते फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवतो.

"नजर चांगली हाय की अजून," तो म्हणतो. "टाकायचं कशाला?"

त्यातलेच चार त्यानं स्वतःच्या घरात बसवायला घेतले, ते बिस्मिल्लासाठी. बिस्मिल्ला त्याची बायको. तिची आठवण जात चालली होती. आधी भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं, मग शेजारणींची नावं गेली, मग ती भर दुपारी उठून "घरी जाते" म्हणायला लागली. घरात बसूनच म्हणायची. दोनदा गल्लीच्या तोंडावर सापडली. तिसऱ्यांदा एसटी स्टँडवर, अक्कलकोटच्या गाडीत खिडकीशी बसलेली. कंडक्टर भला म्हणून त्यानं उतरवून घेतलं.

त्यांचा मुलगा अल्तमश पुण्यात नोकरीला आहे. बापलेक आपसात दखनीत बोलतात. त्या रात्रीचं बोलणं इमामसाबनं मला दुसऱ्या दिवशी मराठीत सांगितलं.

"म्हणाला, आब्बा, आता अजून एकदा अम्मी बाहेर गेली, तर मी येऊन घेऊन जानार. आठव्या मजल्यावर फ्लॅट हाय, खाली वॉचमन हाय. जाईल कुटं?"

"मग? तू काय म्हणालास?"

"व्हय म्हनालो. काय म्हननार? चुकीचं थोडंच हाय त्याचं." हातातल्या वायरीचं टोक तो सोलत राहिला. "आज माझा आवाज वळकते ती, बाई. चेहरा न्हाय वळकत रोज, पन आवाज वळकते. तिकडं गेली की ते बी संपलं."

दाराला कुलूप लावून पाहिलं होतं त्यानं, एकदाच. तो परत आला तेव्हा दार बडवून बडवून तिचे तळहात सुजलेले होते. त्यानंतर कुलूप कपाटात गेलं. आता तो पुढच्या खोलीत दुरुस्तीचं काम करणार, समोर संगणक ठेवणार, आणि पडद्यावर तिच्यावर नजर ठेवणार, असा बेत होता.

बसवायचं काम त्यानं कारखान्यांच्या आठवडी सुट्टीच्या दिवशी काढलं. माग बंद, गल्ली गप्प, ठोकाठोकीला कुणाची हरकत नाही. एक कॅमेरा पुढच्या दाराला, एक स्वयंपाकाच्या ओट्यावर, एक तिच्या पलंगासमोर आणि चौथा मागच्या दाराला. मागच्या खोलीतला प्लग जळालेला होता. म्हणून चौथ्या कॅमेऱ्याला वीज त्यानं महेश्वरीला विचारून कारखान्याच्या बोर्डावरून घेतली. भिंतीला भोक पाडलं की झालं, एवढं जवळ.

प्रत्येक कॅमेरा लावताना तो मला त्या जागी उभं करत होता.

"बाई, थोडं डावीकडं. हनुवटी वर. हां."

"आता या वयात कोणता प्रवेश लावतोयस बाबा?"

"बिनसंवादाचा," तो म्हणाला.

संध्याकाळी चारी चौकोन लागले. मागच्या दाराची कडी, उंबरठा, उंबरठ्यावरची रांगोळी पुसल्याची पांढरट खूण, सगळं स्वच्छ. ती रांगोळी महेश्वरीची मुलं सणाला काढून जातात. इमामसाबनं खुर्चीत मागं टेकून पाहिलं आणि अल्तमशला फोन करून सांगितलं, काळजी करू नको, झालं सगळं.

सकाळी माग सुरू झाले आणि चौथा चौकोन बिघडला. काळे पट्टे खालून वर सरकत जायचे, एकामागून एक, पडदा गुंडाळावा तसे. मागचं दार मधेच दिसायचं, मधेच नाही. बाकीचे तीन चौकोन छान होते.

इमामसाबनं वायरीचं टोक कापून नवं बसवलं. पट्टे तसेच. चौथी वायर कार्डाच्या पहिल्या तोंडात लावली, तर पट्टे पहिल्या चौकोनात गेले. म्हणजे कार्ड ठीक होतं. पलंगासमोरचा कॅमेरा काढून मागच्या दाराला लावला, तरी पट्टे. म्हणजे कॅमेराही ठीक होता. दोन दिवस तो हेच करत होता. जेवायला उठायचा, तिला भरवायचा, परत येऊन बसायचा. चेहऱ्यावर काही नाही. नाटकात दिवा गेला तरी हा असाच असायचा, फक्त हात चालायचे.

तिसऱ्या दुपारी मी गेले, तेव्हा तो टेबलाखाली होता. मला बॅटरी धरायला सांगितली. मीही खाली बसले. संगणकाच्या मागून सगळ्या वायरी काढून, पुसून, परत लावायच्या होत्या. तेवढा वेळ पडदा काळा होता. मग तो उठला, जुन्या मोटारसायकलची बॅटरी काढली आणि म्हणाला, "कारखान्याची लाईट तोडून ह्याच्यावर लावून बघतो." मागं जाऊन जोडून आला, "निजलीय ती," म्हणाला, आणि राहिलेल्या वायरी पुसून लावायला परत टेबलाखाली शिरला. पडदा लावला. चौथा चौकोन काचेसारखा स्वच्छ. एकही पट्टा नाही.

"लाईटीचा दोष," तो म्हणाला. "संगनक घरच्या लाईटीवर, कॅमेरा कारखान्याच्या. माग बंद व्हते तवर गोड दिसलं. सुट्टीच्या दिवशी तपासलं मी, बाई. चाळीस वर्षं मागांच्या शेजारी राहून."

मी पडद्याकडे पाहत होते. मागचं दार उघडं होतं. पलंग रिकामा.

तो पुढच्या दारानं बाहेर पडला, मी मागच्या. मी उंबऱ्यावरून उतरते न उतरते तोच महेश्वरी कारखान्याच्या दारात आली. साडीला सुताची तुसं चिकटलेली.

"अव्वा, कुठं पळताव?" ती मला म्हणाली. "भाभी आत बसलीय. मी चहा दिला तिला."

बिस्मिल्ला कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायच्या मशीनसमोर स्टुलावर बसली होती. अनवाणी. लग्न होऊन आली त्या वर्षापासून गुडघे धरेपर्यंत ती याच कारखान्यात कांड्या भरायची, तेव्हा महेश्वरीच्या सासऱ्यांचा कारखाना होता. सूत तुटलं की तिची बोटं टोक शोधून गाठ मारत होती. नावं गेलेली, घर गेलेलं, गाठ राहिलेली.

इमामसाब आला, दारात उभा राहिला. मग तिच्या शेजारी खाली बसला.

रात्री त्यानं मुलाला खरं ते सांगितलं. मी म्हटलं होतं, शेजारीच तर होती, हे काय बाहेर जाणं म्हणायचं? तो म्हणाला, "गेली की न्हाय? गेली." अल्तमशनं रविवारी येतो म्हणून सांगितलं.

रविवारपर्यंत इमामसाबनं काम पुरं केलं. पुढच्या खोलीतल्या बोर्डापासून नवी वायर ओढली, चौथा कॅमेराही घरच्या विजेवर घेतला आणि भिंतीतलं भोक बुजवलं. त्या दिवसांत संगणकात साठलेलं चित्रण त्यानं मला शेजारी बसवून पाहिलं. माग ऐन जोरात असताना बिस्मिल्ला पलंगावरून उठते. मागच्या दाराशी येते. कोपऱ्यात वाकून काही शोधते, हातानं भिंतीपर्यंत चाचपते. मिळत नाही. उभी राहते. परत जाऊन पलंगावर बसते. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी तेच.

"काय शोधतेय रे ही?" मी विचारलं.

"चपला," तो म्हणाला. "मीच ट्रंकेमागं टाकल्यात. चपला न्हाय दिसल्या तर भाईर जानार न्हाय, म्हनून."

तो उठला, ट्रंक ओढली, चपला काढून फडक्यानं पुसल्या आणि दाराच्या कोपऱ्यात ठेवल्या. नंतर परत येऊन बसला आणि दुकानात बसवायच्या एका कॅमेऱ्याची काच पुसायला लागला.

अल्तमश आला तो आईसाठी नवी बॅग घेऊन. चांगला मुलगा आहे. माझ्या पाया पडला. इमामसाबनं त्याला संगणकासमोर बसवलं आणि चित्रण लावून दिलं. पोरानं ते सगळं पाहिलं. मग त्याच दुपारी जे घडलं तेही त्यानं तिथंच बसून, चौथ्या चौकोनात, पाहिलं. आई उठली, चपला घातल्या. बाप तिच्या मागून आला, कडी काढली, दोघं बाहेर गेली. मग चौकोनात नुसता उंबरठा राहिला.

"रोज जातात?" त्यानं मला विचारलं.

"परवापासून. शेजारी, कारखान्यात. माग बंद व्हायच्या वेळी घेऊन येतो."

"आणि आब्बांचं काम?"

"सकाळी करतो. दुपारी फोन आला की नाही म्हणतो."

तो रिकाम्या उंबरठ्याकडे पाहत म्हणाला, "हे किती दिवस चालणार, आजी?" संध्याकाळी बापलेकांचं बोलणं झालं. ईदपर्यंत राहू द्या, मग बघू, असं अल्तमश म्हणाला. इमामसाब "बघू" म्हणाला. बॅग पलंगाखाली ठेवून पोरगा रात्रीच्या गाडीनं गेला.

आता दुपारी मी त्याच्या दुकानात जात नाही, कारखान्यातच जाते. महेश्वरीनं एक बाकडं दिलंय. बिस्मिल्ला कांड्या भरते, इमामसाब बाकड्यावर बसतो. मांडीवर एखादा उघडलेला कॅमेरा असतो, पण तिथं सुताची तुसं उडतात, काम होत नाही. तो नुसता धरून बसतो.

परवा तिनं टोपली भरली, मान वर केली, आणि त्याच्याकडे बघून मागांच्या आवाजावरून ओरडून म्हणाली, "ओ भाई, ये अंदर देके आव."

मी इमामसाबकडे पाहिलं. तो उठला. "जी," म्हणाला, टोपली उचलली, आत मागांपाशी नेऊन दिली आणि रिकामी टोपली आणून तिच्या पायाशी ठेवली. मग परत बाकड्यावर येऊन बसला.