स्वभावाचा रकाना

माणसं पाहणी अर्ध्यावर का सोडतात, याचं उत्तर आमच्या साहेबांकडे तयार असायचं: स्वभाव. नुंगंबाक्कमच्या कचेरीत एसीखाली बसून ते सांगत, "शिस्तीची माणसं टिकतात. चिडकी आणि निष्काळजी गळतात." त्यावर त्यांना निबंध लिहायचा होता.

२००५ च्या आसपासची गोष्ट. आरोग्याची पाहणी होती. तीच घरं, दरवर्षी तेच प्रश्न, असं दहा वर्षं चालायचं होतं. मी लग्न होऊन चेन्नईला आलेली, तमिळ मोडकंतोडकं, म्हणून तंजावरकडची मराठी घरं माझ्या वाट्याला आली. त्यांतल्या एक वेस्ट मांबलमच्या मामी, निवृत्त शिक्षिका. रक्ततपासणीचे कागद तारखेवार लावलेले, माझ्या येण्याचा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवलेला. प्रश्नावलीच्या शेवटच्या पानावर माणसाच्या स्वभावाला गुण द्यायचे असत. व्यवस्थितपणात मी त्यांना दरवर्षी पैकीच्या पैकी द्यायचे.

तिसऱ्या वर्षी गेले तर मामींचे यजमान वारलेले. मी समासात तसं लिहिलं, कचेरीत तोंडीही सांगितलं.

चौथ्या वर्षी माझं काम तपासायला साहेब स्वतः माझ्याबरोबर आले. छापलेला प्रश्न एक शब्दही न बदलता वाचायचा, हा त्यांचा लाडका नियम. आणि कागद छापला होता घरातल्या माणसांच्या पहिल्या वर्षीच्या यादीवरून. पुढचा प्रश्न पाहून मी थांबले. साहेबांनी कागदावर पेन आपटलं. मी, अक्कल गहाण टाकल्यासारखी, वाचून मोकळी झाले.

"तुमच्या यजमानांना जिना चढताना दम लागतो का?"

मामी माझ्याकडे बघतच राहिल्या. साहेबांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"गेल्या वर्षीं तुम्हांलाच सांगितलें होतें," त्या म्हणाल्या. "पोदुम, मा. पुरे झालें. आतां येऊं नका."

परतताना रिक्षात साहेबांनी गळतीच्या कारणाचा रकाना भरला: चिडखोर, निष्काळजी स्वभाव. माझं डोकंच फिरलं. निष्काळजी कोण? मेलेल्या माणसाचा दम विचारणारे आम्ही! "सर, चूक आपली आहे, तसं लिहा," मी म्हटलं. ते म्हणाले, तसा पर्याय छापलेला नाही, सही करा.

मी केली. नोकरी हवी होती, हे खरं. पण त्या सहीचा आजही मला संताप येतो, साहेबांपेक्षा माझाच जास्त. माणसाला आपणच उठवून लावायचं आणि वर त्याच्या स्वभावाचं माप काढायचं!

महिन्याभराने मांबलम स्टेशनबाहेर भाजी घेताना मामी भेटल्या. तोंड फिरवतील असं वाटलं होतं, पण त्या जवळ आल्या.

"माझें जाऊं द्या," त्या हळूच म्हणाल्या. "ते गेले, एवढें तरी आतां लिहिलें ना तुम्हीं?"

मी हो म्हटलं; समासात का होईना, लिहिलं होतंच. त्यांनी माझा हात दाबला आणि "बरें केलेंत" म्हणाल्या.