मिरची पिकली की येणारा आवाज

मागच्या महिन्यात एका दुपारी गडमुडशिंगीच्या आमच्या टेरेसवर मिरच्या बघत होते... आणि मागून शालनआक्कांचा आवाज आला. "पिकली की!"

मी वळले. कुणी नव्हतं. असणार तरी कसं... शेजारच्या शालनआक्का दिवाळीआधीच वारल्या.

मिरचीची रोपं त्यांनीच दिलेली. चांगली जाडजूड, भरून करायची मिरची. पण तोडायची कधी, हे मला कळायचंच नाही.

आक्का सांगायच्या, "नुसती लाल दिसली म्हणून हात लावू नगंस पोरी. देठाजवळचं हिरवं जाऊ दे. कातडी चमकली पायजे, दाबल्यावर कडक लागली पायजे."

मी घाबरतच समोरची मिरची दाबून बघितली. कडक, चकचकीत, देठापर्यंत लाल. कालपर्यंत देठाजवळ हिरवट होती ती... न तोडताच मी खाली पळाले.

दुसऱ्या दिवशी बघते तर देठ झाडालाच, पण खालची मिरची फाडलेली. आत एक बी शिल्लक नाही.

मग हे होतच राहिलं. आवाज आला की एखादी मिरची पिकलेली असायचीच, आणि नंतर ती तशीच फाडलेली मिळायची. कच्च्यांना कुणी हात लावत नव्हतं. नवरा म्हणाला, भास होतोय तुला.

शेवटी मी अण्णांकडे गेले. अण्णा म्हणजे आक्कांचे मालक, आता घरात एकटेच. बघते तर बॅग भरलेली. वारणानगरला लेकीकडे कायमचे निघाले होते.

मी चाचरत विचारलं, "अण्णा, तुम्हाला कधी आक्कांचा आवाज..."

त्यांच्या हातातला टॉवेल खाली पडला. "तुलाबी येतोय?"

बिचाऱ्यांना वाटत होतं, आपलं डोकं फिरलंय. लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं त्यांनी.

मी त्यांना तसंच टेरेसवर आणलं. ढगाळ दुपार, वारा अजिबात नाही. तरी कोपऱ्यातल्या एकाच झाडाची पानं हलत होती...

"पिकली की!"

तोच आवाज. तोच किंचित घोगरेपणा. अण्णांनी माझा दंड घट्ट धरला. आणि पानांतून एक लाल चोच बाहेर आली.

आक्कांचा राघू! त्याला पिंजऱ्यात पिकलेली मिरची देताना आक्का हेच म्हणायच्या. त्या गेल्यावर अण्णांनी त्याला सोडून दिलं होतं. मला वाटलेलं, दया येऊन सोडला असेल. माझा जीव भांड्यात पडला, हसूच फुटलं मला.

अण्णा मात्र हसले नाहीत.

राघूने मान वाकडी केली. आणि त्याच आवाजात, पण अगदी हळू, दमल्यासारखं म्हणाला, "अवो... उठा की... अवो..."

अण्णा मटकन खाली बसले.

"ती गेली त्या पहाटंला मी आत झोपलो हुतो," ते म्हणाले. "तिनं हाका मारल्या. मला न्हाय ऐकू आल्या. ह्यानं ऐकल्या. तवापास्नं दिसभर हेच म्हणायचा... म्हणून सोडला त्याला. वाटलं, लांब कुठं उडून गेला आसंल."

मी त्यांच्या शेजारी बसले.

राघू पुन्हा म्हणाला, "अवो, उठा की."

अण्णा गुडघ्यांवर हात टेकून हळूहळू उभे राहिले.

"उठलो गं," म्हणाले. "ह्ये बघ, उठलो."

राघू गप्प झाला. आणि शांतपणे मिरची फोडायला लागला.

अण्णा वारणानगरला गेले नाहीत. आता दुपारी वर येतात, मिरच्या दाबून बघतात, पिकलेल्या मला तोडून देतात आणि एक झाडावर ठेवतात. राघू अजून कधीकधी ते म्हणतो. अण्णा दरवेळी उत्तर देतात. मी तेवढ्यापुरती जिन्यात जाऊन थांबते... ते दोघांचं बोलणं असतं.

खरं सांगू, भीती मला अजून वाटते. पण कुंड्या काही मी तिथून हलवलेल्या नाहीत.